मामांचा मुलूख

मामा या नात्याची मराठीने जेवढी थट्टा केली आहे, तेवढी दुसऱ्या कुठल्याही नात्याची केली नसेल. एखाद्याला फसवले की त्याचा ‘मामा केला’ म्हणायचे. चौकात उभ्या असलेल्या शिपायालाही मामाच म्हणायचे. पुराणे उघडावीत तर कंस काय आणि शकुनी काय, सारे मामा भाच्यांच्या मुळावर उठलेले! आणि नित्याच्या व्यवहारात मामाचे काम कोणते? तर मे महिन्याच्या सुटीत भाचरांना आंबे पुरवायचे, आणि लग्नात भाचीला बोहल्यापर्यंत आणून उभे करायचे. एकदा अक्षता पडल्या की मामा पंगतीत वाढायला मोकळा.

मीही स्वतःकडे याच दृष्टीने पाहत आलो होतो. पासष्टी उलटल्यावर लांबा लोकांच्या मुलखात गेलो, तेव्हा कुठे मामा ही काय चीज आहे ते मला कळले.

‘लांबा’ या नावावरून ही माणसे ताडमाड उंच असतील असे आमच्या सौभाग्यवतींना वाटले होते. तसे काही नाही. उंचीने ती तुमच्याआमच्यासारखीच असतात. राहतात मात्र खरोखरीच लांब. आफ्रिकेच्या मध्यावर झांबिया नावाचा देश आहे, आणि त्याच्या उत्तरेला काँगोच्या सीमेला लागून तांब्याच्या खाणींचा पट्टा आहे. न्डोला, लुआंश्या, कित्वे ही त्यातली मोठी गावे. ज्या जमिनीवर ही शहरे उभी राहिली त्यातला बराच भाग मूळचा लांबांचा. गोऱ्या लोकांनी नकाशावर सीमा आखली तेव्हा ती यांच्या वस्तीच्या मधूनच गेली. त्यामुळे निम्मे सोयरे झांबियात, तर निम्मे काँगोत.

माझा भाचा न्डोल्याला एका कारखान्यात विजेच्या यंत्रांची देखभाल करतो. धाकट्या बहिणीचे यजमान लवकर गेले, म्हणून या मुलाची मुंज, शाळा आणि पुढचे शिक्षण आमच्याच घरी झाले. ‘मामा, एकदा तरी या’ असा त्याचा धोशा कैक वर्षे चालला होता. शेवटी गेल्या जुलैत आम्ही उभयतां गेलो. जुलै म्हणजे तिकडे कोरडी थंडी. न्डोला समुद्रसपाटीपासून तेराशे मीटरांच्या आसपास उंच आहे, तेव्हा सकाळी स्वेटर घालून फिरताना पुण्यातल्या डिसेंबरची आठवण व्हावी.

कारखान्यातले हिशेबनीस एक दिवस घरी चहाला आले. चाळिशीचे, मितभाषी गृहस्थ. भाच्याने माझी ओळख करून दिली, “हे माझे मामा.” त्याबरोबर ते खो खो हसू लागले. मी गोंधळलो. मागाहून उलगडा झाला की तिकडच्या कित्येकांच्या बोलण्यात ‘मामा’ म्हणजे आई! मिशाळ आई त्यांनी प्रथमच पाहिली असावी. हसू आवरल्यावर त्यांनी विचारले, “म्हणजे वडिलांचे भाऊ?” “नव्हे, आईचे,” भाचा म्हणाला. मात्र हे ऐकताच गृहस्थ खुर्चीतून उठले, गुडघ्यांत किंचित वाकले आणि दोन्ही तळहातांची ओंजळ करून त्यांनी हळूच दोनतीन टाळ्या वाजवल्या. वडीलधाऱ्यांना मान देण्याची ही तिकडची रीत. मग भाच्याकडे वळून ते म्हणाले, “इतके दिवस तू बोलला नाहीस! हे आता आमच्या मामांना भेटल्याशिवाय परत जायचे नाहीत.”

लांबांच्यात मूल आईच्या कुळाचे. बाप घरातला असतो, प्रेमाचा असतो. पण कुळ त्याचे नव्हे. गावच्या प्रमुखाची जागा मुलाला मिळत नाही. ती जाते भावाला, नाही तर बहिणीच्या मुलाला. जुनी पद्धत अशी की लग्न झाल्यावर नवऱ्यानेच बायकोच्या गावी राहायला जायचे आणि सासूसासऱ्यांच्या शेतात काही काळ राबायचे. म्हणजे सगळे जावई घरजावई! (ही माहिती ऐकून आमच्या सौभाग्यवतींनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, तिचे वर्णन मी करीत नाही.) शहरांनी आणि रोख पगाराने यातले पुष्कळ बदलले आहे. पण मामाचा शब्द अजून चालतो.

त्या शनिवारी आम्ही हिशेबनिसांच्या मोटारीतून निघालो. बरोबर त्यांच्या बहिणीचा मुलगा होता. बारा वर्षांचा, लुआंश्याच्या शाळेत शिकणारा. शहर संपले की दुतर्फा बुटक्या झाडांचे विरळ रान लागते, आणि त्यात माणसाच्या दुप्पट उंचीची वारुळे. रस्त्याकडेला कोळशाची पोती एका ओळीत मांडलेली. मधूनच दूरवर खाणीतल्या मातीचा डोंगर दिसे, करडा आणि अगदी सपाट माथ्याचा.

लुआंश्याची गोष्ट मला मोटारीतच कळली. १९०२ साली विल्यम कॉलिअर नावाच्या एका गोऱ्या भटक्याने तिथल्या ओढ्याकाठी एक रोन जातीचे हरीण मारले. ते पडले तिथल्या खडकावर त्याला तांब्याचा हिरवा डाग दिसला, असे सांगतात. खाणीलाही पुढे त्या हरणाचेच नाव मिळाले. १९२५ नंतर प्रत्यक्ष खोदकाम सुरू झाले आणि कामकरी तापाने पटापट मरू लागले. लांबा म्हणत, ओढ्यात सांगुनी नावाचा प्रचंड सर्प राहतो, त्याला डिवचलेत, आता भोगा. सर्पाला शांत करण्याचे विधीही झाले. १९२९ मध्ये माल्कम वॉटसन हे हिवतापाचे तज्ज्ञ तिथे आले. त्यांच्या सल्ल्याने दलदल उपसली गेली आणि डासांबरोबर मृत्यूही हटले. सांगुनीचे पुढे काय झाले, असे मी विचारले. हिशेबनीस गंभीरपणे म्हणाले, “पाणी काढून टाकल्यावर तो तरी कशाला राहील? खाणी बंद पडल्या की परत येईल.”

या खाणींत लांबा फारसे उतरले नाहीत. कामगार आले ते लांबून, विशेषतः उत्तरेकडचे बेंबा. लांबा आपले धान्य, रताळी आणि भाजी खाणीवर नेऊन विकत, आणि त्यात त्यांचे भागे. पण खाणीच्या साहेबाला हे कसे पटावे? ज्याच्या जमिनीखाली तांबे, तोच कुदळ धरायला तयार नाही! ‘लांबा म्हणजे आळशी’ असा शिक्का बसला. साहेब म्हणाला म्हणून बाहेरून आलेले कामकरीही तसेच म्हणू लागले. वीसतीसच्या दशकांत लांबांना रेल्वेच्या आणि खाणींच्या जवळच्या जमिनींवरून उठवून राखीव मुलखात धाडण्यात आले. खाणींना लाकूड लागते म्हणून रानांवरही बंधने आली. साहेब १९६४ साली गेला, शिक्का मात्र राहिला. “शाळेत मुले मला चिडवीत,” हिशेबनीस म्हणाले. “मी गणितात पहिला येत असे, तरी आळशीच!”

हा प्रकार मला अगदीच अनोळखी वाटला नाही. ज्याची जमीन जाते त्यालाच वर बोल लावायचा, ही युक्ती आपल्याकडच्या धरणांच्या आणि गिरण्यांच्या काळातही चांगली चालली.

कच्च्या रस्त्याने तासभर गेल्यावर गाव आले. गाव म्हणजे झाडून लख्ख केलेल्या अंगणाभोवतीची पंधरावीस घरे. काही गवती छपरांची, काही पत्र्याची. मधोमध आंब्याचे झाड. त्याखाली बसक्या खुर्चीवर हिशेबनिसांचे मामा बसले होते. ऐंशीच्या घरातले, काटक, अंगात जुना कोट. हिशेबनीस, म्हणजे ज्यांच्यापुढे अख्खा कारखाना चळचळा कापतो ते गृहस्थ, शाळकरी पोरासारखे खाली बसून टाळ्या वाजवू लागले. त्यांच्या शेजारी त्यांचा भाचा बसला. मग आमचे चिरंजीव भाचेही, पँटीची इस्त्री विसरून, बसले. मी उभा राहिलो होतो. म्हाताऱ्याने मला नखशिखांत न्याहाळले, भाच्याला काहीसे विचारले आणि शेजारची खुर्ची पुढे सरकवली. मामाने मामाजवळ बसायचे!

त्यांचा पहिला प्रश्न हिशेबनिसांनी इंग्रजीत करून सांगितला. “तुमचे कुळ कोणते?” मी गोत्र सांगितले. अर्थ विचारला तेव्हा ते एका ऋषीचे नाव असल्याचे सांगितले. म्हातारबुवांना ते फारसे पसंत पडले नसावे. “आम्ही बकऱ्या,” ते अभिमानाने म्हणाले. लांबांची कुळे अशी आहेत: बकरीचे कुळ, बिबट्याचे कुळ, केसांचे कुळ. कुळाकुळांत ठरलेले थट्टेचे नाते असते. बिबट्या कुळातला माणूस भेटला की बकरीवाल्याला ‘आज तुला खातोच’ असे खुशाल म्हणतो. जिवंतपणी ज्याने यथेच्छ टिंगल करायची, त्यानेच मेल्यावर मूठमाती द्यायला पुढे व्हायचे. घरच्यांनी रडावे आणि कामाला थट्टेकऱ्यांनी लागावे, ही वाटणी मला फार शहाणपणाची वाटली.

जेवणाची वेळ झाली. एका मुलीने गुडघ्यावर बसून आमच्या हातांवर पाणी घातले. माझ्या शाकाहाराची वर्दी आधीच गेली होती. त्यामुळे वाळवलेल्या सुरवंटांची एक वाटी माझ्यासमोरून अदबीने पुढे गेली आणि भाच्यापुढे थांबली. त्याने माझी नजर चुकवून त्यातले किती फस्त केले ते मी मोजले नाही. मुख्य अन्न म्हणजे न्शिमा: मक्याच्या पांढऱ्या पिठाची घट्ट उकड. उजव्या हाताने तिचा गोळा करायचा, अंगठ्याने खळगा पाडायचा आणि त्यात भाजी भरून घ्यायची. भाजी होती भोपळ्याच्या पानांची, वर शेंगदाण्याचे भरपूर कूट. पहिला घास घेतला आणि मी सौभाग्यवतींकडे पाहिले. त्याही माझ्याकडे पाहत होत्या. सोलापूरकडच्या कुठल्याही स्वयंपाकघरातून आली असती अशी भाजी! पाठोपाठ मुन्कोयो आले. एका रानमुळीचा रस मक्याच्या पेजेत मुरवून हे आंबटगोड पेय करतात. ताकावर वाढलेल्या माणसाला ते आवडायला वेळ लागत नाही.

म्हातारबुवा म्हणाले, मका हे अलीकडचे खूळ. पूर्वी झाडांच्या फांद्या तोडून, त्यांचा ढीग जाळून, त्या राखेत आम्ही पेरीत असू, आणि आमचे खरे धान्य म्हणजे अमासाका. एका सुनेने कणगीतून ते ओंजळभर आणून दाखवले. पाहतो तो ज्वारी! मी हर्षभराने सांगितले की हे तर आमचेही धान्य. त्याचे आम्ही काय करतो ते सांगायला शब्द सापडेनात. तेव्हा सौभाग्यवती पुढे सरसावल्या आणि हवेतल्या हवेत भाकरी थापू लागल्या. थप थप थप. कोपऱ्यात बसलेली एक वृद्धा, म्हातारबुवांची बहीण, एकदम खुलली. “थप थप थप!” तिने नक्कल केली, आणि पाठोपाठ आपल्या भाषेतल्या अशाच आवाजांची माळच सुरू केली. पाणी उकळते त्याचा एक, पाय चिखलात रुततो त्याचा दुसरा, एकाएकी गप्प होण्याचा तिसरा. अर्थ सांगावा लागत नव्हता. आपल्याकडे धप्पकन, चटकन, चिडीचूप, लखलखीत हे शब्द काढून टाकले तर मराठी आजीला नातवाला गोष्ट सांगता येईल का? तसेच तिचे.

अशा शब्दांना भाषाशास्त्रात ‘आयडिओफोन’ म्हणतात. हे नाव १९३५ साली रूढ करणारे क्लेमंट डोक तरुणपणी याच लांबांच्यात राहून त्यांची भाषा शिकले, हे मला ठाऊक होते. पण डोक या नावाशी आपला आणखी जुना ऋणानुबंध आहे. १० फेब्रुवारी १९०८ रोजी जोहान्सबर्गच्या रस्त्यात पठाणांनी गांधीजींना मारहाण केली, तेव्हा बेशुद्धावस्थेतून उठलेल्या गांधीजींना आपल्या घरी नेऊन ज्यांनी शुश्रूषा केली ते जोसेफ डोक या क्लेमंटचे वडील. गांधीजींचे पहिले चरित्र लिहिले तेही त्यांनीच, १९०९ साली. त्या आजारपणात गांधीजींनी डोकांच्या मुलीला, ऑलिव्हला, आपले आवडते ‘लीड, काइंडली लाइट’ हे भजन म्हणायला सांगितले होते. हा प्रसंग आपल्यापैकी पुष्कळांनी वाचला असेल. पण त्या मुलीचे पुढे काय झाले?

१९१३ साली जोसेफ डोक मुलाला घेऊन लांबांच्या मुलखातल्या काफुलाफुता येथील मिशन पाहायला आले आणि परतीच्या वाटेवर तापाने वारले. दुसऱ्याच वर्षी क्लेमंट इथे येऊन राहिला, आणि १९१६ साली ऑलिव्ह आली. भाऊ काही वर्षांनी विद्यापीठात अध्यापक म्हणून परत गेला. त्याचा लांबांवरचा ग्रंथ १९३१ साली निघाला. बहीण परतली नाही. १९७२ साली मृत्यू येईपर्यंत ती लांबांच्यातच राहिली. गांधीजींच्या उशाशी गाणारी मुलगी ती हीच! मी हे सारे सांगितले तेव्हा म्हाताऱ्या बहिणीने मान हलवली. मिस डोकना तिने लहानपणी पाहिले होते. “आमच्यासारखी बोलायची,” ती म्हणाली, आणि मग हिशेबनिसांच्या भाच्याकडे बोट दाखवून, “याच्यापेक्षा चांगली!”

सारे हसले. मुलगा हसला नाही.

रात्री शेकोटी पेटली आणि आजीने गोष्ट सुरू केली. गोष्टीतला ससा, कालुलू, स्वतःहून दसपट मोठ्या प्राण्यांना टोप्या घालीत होता. मध्येच गाणे येई, आणि ते सर्वांनी मिळून उचलायचे. बायका उचलीत होत्या. लहान मुले मात्र एक शब्द मागे राहत. आजी लांबात बोले, मुले उत्तर देत बेंबात. या दोन भाषा तशा सख्ख्या शेजारणी, मराठी आणि कोकणीसारख्या. पण खाणींच्या शहरांत बेंबाचेच राज्य आहे. झांबियात शाळांसाठी ज्या सात देशी भाषा ठरल्या आहेत, त्यांत लांबा नाही. पुस्तक बेंबात, बाजार बेंबात, खेळ बेंबात. लांबा उरली ती शेकोटीभोवती, आणि शेकोटी शहरात नेता येत नाही.

शेकोटी विझत आली तेव्हा हिशेबनीस आपण होऊन बोलू लागले. मामांच्या मागे गावाची जागा त्यांच्याकडे यायची होती. नुसती जागा नव्हे. वारसाने गेलेल्याचे नावही पुढे चालवायचे असते. “मी आलो तर न्डोल्यातली नोकरी, घर, मुलांच्या शाळा यांचे काय? नाही आलो तर इथे कोण?” “मुलगा तुमच्या जागी—” मी म्हणू लागलो आणि माझे मीच थांबलो. त्यांचा मुलगा त्यांच्या बायकोच्या कुळाचा. वारस होता तो शेजारी पांघरुणात झोपलेला बहिणीचा पोर. “मामांनी तुम्हाला विचारले आहे का?” मी म्हणालो. “मामा कधी विचारतात का?” ते म्हणाले. “मामा सांगतात. आणि ते अजून काही सांगत नाहीत, म्हणूनच मला झोप लागत नाही.” पलीकडे माझा भाचा जागाच होता. तो काही बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी म्हातारबुवा आमच्याबरोबर मोटारीत बसले. म्पोंग्वेच्या बाजूला काशिबा नावाचे तळे आहे, ते ‘मामा पाहुण्याला’ दाखवायचे होते. जमिनीखालची चुनखडीची गुहा केव्हातरी खचून हे तळे झाले. चहूबाजूंनी उभे कडे, मधे निळेहिरवे, निश्चल पाणी. खोली सुमारे शंभर मीटर. रान इतके दाट की अगदी काठाशी येईपर्यंत पत्ता लागत नाही. मी पुढे वाकलो तोच म्हातारबुवांनी माझी बाही धरून मागे ओढले. या पाण्यात इचितापा राहतो. तो माणसाला धरीत नाही; पाण्यावर पडलेली त्याची सावली धरतो. सावली गेली की माणूस जागच्या जागी लुळा पडतो आणि आपोआप पाण्यात जातो. मी निमूटपणे माझी सावली आवरून घेतली.

काठावरच्या एका मुळीवर ते टेकले आणि बकऱ्यांची गोष्ट सांगू लागले. पूर्वी राज्य बकरी कुळाचे होते. चिपिंपी त्यांचा प्रमुख. त्याच्या मुलाने, कावुंदाने, बापाला मारले आणि राज्य आपल्या कुळाकडे, म्हणजे केसांच्या कुळाकडे नेले. (मुलगा आणि बाप वेगवेगळ्या कुळांचे, हे ध्यानात ठेवल्याशिवाय ही गोष्ट समजायची नाही.) अपमान सहन न होऊन बकरी कुळाची सारी माणसे या काठावर जमली. त्यांनी एक लांब दोर घेतला, एकापाठोपाठ एक स्वतःला त्याला बांधले आणि पाण्यात उड्या टाकल्या. दोर सरसरत चालला. अगदी शेवटी एक बाई होती. दुसऱ्या कुळाच्या एका माणसाने तेवढ्यात दोर कापला आणि तिला वाचवले. आज जेवढे बकरी कुळाचे लोक आहेत, ते सारे तिचे.

एवढे सांगून म्हातारबुवांनी लुआंश्याच्या मुलाला समोर उभे केले आणि म्हटले, आता तू सांग.

मुलाने सुरुवात केली. दुसऱ्याच वाक्यात बेंबा शब्द आला. म्हातारबुवांनी हात वर केला. मुलाने पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तिथेच अडला. हिशेबनीस काही सुचवणार होते, पण मामांनी त्यांच्याकडे असे पाहिले की ते गप्प बसले. तिसऱ्या खेपेला मुलाने डोळे मिटले, योग्य शब्द सापडला, आणि त्यापाठोपाठ दोर सुटतानाचा तो सरसर आवाज त्याच्या तोंडून असा निघाला की माझ्या अंगावर काटा आला. म्हातारबुवांनी मान डोलावली आणि पुढचे वाक्य सांगितले. उन्हे कलली होती. अंधारापूर्वी डांबरी सडक गाठायची असे ठरले होते. पण मोटारीकडे जायला कोणीच उठले नाही.